कोपराला धरणारा हात

बुधवार, १२ नोव्हेंबर

प्रिय ताईस,

प्रभूच्या नावात धाकटीचा सलाम. तू हल्ली पत्रात हे नाव लिहीत नाहीस, मला ठाऊक आहे. पण मी सलाम दुसऱ्या कुणाच्या नावात करू, तूच सांग.

आम्ही दोघी ठीक आहोत. मुंगी बरी आहे. नाव मुंगी आणि उंची बघ! शाळेचा स्कर्ट मी जूनमध्ये परत एकदा लांब करून दिला, आता शिवणीत सोडायला कापडच उरलेलं नाही. अक्षर बघून दचकू नकोस. उजव्या हाताला जरा लागलंय, म्हणून डाव्यानं लिहितेय. शाळेत तू माझ्या अक्षराला कोंबडीचे पाय म्हणायचीस. आता हे बघून कोंबडीसुद्धा रागावेल.

तुझं पत्र पोचलं. चार ओळी, पण चांगल्याच झोंबल्या. "देव राखतो, देव राखतो, असलं काही माझ्या पोरीच्या डोक्यात भरवू नकोस. तिच्या बापासाठी आपण सगळे गुडघ्यांवर प्रार्थनेत होतो. त्याला कुणी राखलं? पुढच्या शनिवारी येते आणि तिला घेऊन जाते." ताई, मी भांडायला बसलेली नाही. माझं म्हणणं एवढंच, की आत्ता येऊ नकोस. दुकानात पडद्यांची मोठी ऑर्डर आलीय, घरात पलंगावर कापडाचे तागे पडलेत, तुला पाठ टेकायला जागा नाही. दारासमोरचा रस्ता खणून ठेवलाय. मुंगीची परीक्षा तोंडावर आहे. थंडी सरू दे, मग ये.

वरचं आत्ताच वाचून बघितलं. तू हसत असशील. आई म्हणायची ना, धाकटी खोटं बोलायला लागली की तिला एका कारणानं भागत नाही म्हणून. बरं बाई, खरं सांगते. पण शेवटपर्यंत वाच, मध्येच चुरगळून टाकू नकोस.

तू रविवारचा मोठ्या मुलांचा वर्ग माझ्या गळ्यात मारून गेलीस, तेव्हा एक खेळही ठेवून गेलीस. आंधळी वाट. मी तो होता तसाच चालवला. उपासना झाली की प्रार्थनेच्या हॉलमध्ये बाकं आणि खुर्च्या वाटेल तशा मांडायच्या. एका टोकाला मूल, डोळ्यांवर घट्ट पट्टी. दुसऱ्या टोकाला मी. बाकीच्यांनी माझ्या शेजारी चिडीचूप बसायचं. मी फक्त हाक मारायची आणि मुलानं आवाजाच्या रोखानं सरळ यायचं. कुणी कुणाला हात लावायचा नाही. पोहोचलं की तुझाच प्रश्न विचारायचा, "दिसत नव्हतं, मग कशाच्या भरवशावर आलास?" या वयाची पोरं कशालाच हो म्हणत नाहीत, पण या खेळात रमतात. मीही रमायचे. वाटायचं, एवढं जरी त्यांच्या अंगात भिनलं, की दिसत नसलं तरी कुणीतरी सांभाळतंय, तरी पुष्कळ झालं.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतरचा एक रविवार. पाळकसाहेबांची थोरली मुलगी चालत आली. तिला आम्ही वकीलीणबाई म्हणतो, कारण ती आमेन म्हणण्याआधीसुद्धा पुरावा मागते. आली, पट्टी काढली आणि माझ्यावरच उखडली.

"मावशी, नियम तुमचा आणि मोडता पण तुम्हीच? माझं कोपर कुणी धरलं?"

मी म्हटलं, "कुणी धरणार? आम्ही सगळे इथं बसलोय, दिसत नाही का?"

तर दुसरा एक म्हणतो, "मलाही धरलं होतं की, मागच्या वेळी." तिसरी म्हणते, "मलाही." मुंगी म्हणाली, "मला तर नेहमीच धरतात." एकेकाला वाटत होतं, हा खेळाचाच भाग आहे, मी मुद्दाम कुणाला तरी लपवून ठेवलंय. कुणाला तरी म्हणजे कुणाला, गं? हॉलला दार एकच आणि ते माझ्या पाठीशी.

मी विचारलं, हात कसा होता? वेगवेगळं काहीतरी सांगतील आणि थाप पकडली जाईल, असा माझा हिशेब. पण सगळ्यांचं एकच. बाईचा हात, दणकट. अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली. शिलाई मशीनच्या तेलाचा वास.

सगळ्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मी दोन्ही अंगठे वर करून दाखवले. चिंधी नाही, काही नाही, धडधाकट. पोरं खो खो हसली. मीही हसले, आणि हसता हसता डोकी मोजली. त्या हॉलमध्ये भर दुपारी ऊन होतं, ताई. बाकांच्या सावल्यासुद्धा जागच्या जागी होत्या. तरी मला वाटलं, आपण मोजले त्यापेक्षा इथं एक माणूस जास्त आहे.

इतर पोरं जरा टरकली. मुंगी नाही. ती घरी येताना माझ्या हाताला लोंबकळत म्हणाली, "बाबांना धरायला कुणी नव्हतं. मला आहे." इतकी वर्षं मी घसा कोरडा करून सांगते की तुम्हाला राखणारा आहे, भिऊ नका. मान सगळे डोलावतात, खरं कुणालाच वाटत नाही. आणि इथं एका पोरीला वाटलं होतं, तेही तुझ्या. मी तिला वर्गापुढे उभं करून साक्ष द्यायला लावली. मला अभिमानच वाटला, खोटं कशाला बोलू.

मग ती डोळे मिटून जिना उतरायला लागली. एकदा डोळे मिटून रस्ता ओलांडला, गाडीवाल्यानं आमच्या सात पिढ्या काढल्या. मी रागावले. पण जितकं रागवायला हवं होतं तितकं नाही. ते चुकलंच.

पुढचं लिहिताना हात थांबतोय, डावा असला तरी.

दुकानात एका सोफ्याचं जाड कापड शिवत होते. कापड सरकलं आणि सुई नखातून आरपार. मालकांनी सुई काढली, अस्तराच्या कापडाची पट्टी टर्रकन फाडली आणि माझ्या अंगठ्याला गुंडाळली. मी हात नाकाशी नेला. तेलाचा वास. अंगठ्याला चिंधी. मी मटकन खाली बसले. मालक म्हणतात, "बाई, तुम्ही एवढ्याशा रक्ताला घाबरता?" त्यांना कसं सांगू की मी रक्ताकडे बघतच नव्हते? पोरांनी काही महिन्यांपूर्वी सांगितलेला हात आता माझ्याच मनगटाला जोडलेला होता.

त्या रविवारी मी खेळ बंद ठेवला. म्हटलं, हॉलची दुरुस्ती चाललीय. ते तसं खरंच होतं. वरच्या गॅलरीचा कठडा गंजला होता ना, जिथं गाणारे बसतात तिथला? तो कापून नेला होता. गॅलरी तुझ्या डोळ्यांपुढे असेलच, हॉलच्या तीन बाजूंनी फिरलेली, मधे खाली सगळं मोकळं. कठड्याच्या जागी नुसते कापलेल्या गजांचे खुंट होते आणि जिन्याला आडवी दोरी.

मुंगी सुखरूप आहे. हे मी आधीच लिहायला हवं होतं. तिच्या नडगीला खरचटलं, बाकी नखालाही धक्का नाही. आता वाच.

वर्ग संपला होता. मी गॅलरीच्या खिडक्यांचे पडदे धुवायला काढत डाव्या बाजूला उभी होते, दोन्ही हातांत पडद्यांचा गठ्ठा. समोर पाहिलं तर उजव्या बाजूला मुंगी. डोळ्यांवर पट्टी. खाली वकीलीणबाई तोंडावर दोन्ही हात दाबून उभी. नंतर कळलं, तीच म्हणाली होती, "हॉलमध्ये पडलं तर फार तर गुडघा फुटतो. त्याला काय विश्वास म्हणायचं?" म्हणाली आणि विसरली. मुंगी विसरली नाही. तिला मी शिकवलं होतं की धरणारा आहे. त्याची परीक्षा बघायची नसते, हे काही मी शिकवलं नव्हतं. शिकवायचं राहूनच गेलं, ताई.

मी हाक मारायला तोंड उघडलं. आणि ओठ चावून गप्प राहिले.

तुझ्या लक्षात आलं का? ती माझ्या हाकेला सरळ चालत येते. दर रविवारी तेच तर करून घेतलंय मी तिच्याकडून. ती त्या बाजूला, मी या बाजूला आणि मधे जमीनच नाही.

पडद्यांच्या कड्या वाजल्या असाव्यात. तिनं मान वळवली. चेहऱ्यावर हसू. "मावशी, तू आहेस ना तिथं? हाक मार ना. मी येते."

मी उत्तर दिलं नाही. पडदे टाकले आणि गॅलरीच्या कडेनं वळसा घालून धावले. त्या लाकडी फळ्या किती वाजतात, आणि मी धावतेय तरी त्यांचा आवाज मला येत नव्हता. ऐकू येत होती ती फक्त मुंगी. "मावशी? गप्प का?" आणि मी मघाशी जिथं होते तिकडे तोंड करून तिनं पाऊल उचललं. रिकाम्या जागेवर.

माझ्या हाती तिचं कोपर आलं. ती कमरेपर्यंत खाली गेली, मी पालथी पडले, आणि एका खुंटावर माझा हात असा काही दाबला गेला की काय झालं ते मला कळलंच नाही. वकीलीणबाई जिना चढून आली, तिनं माझे पाय धरून ओढलं. देव तिचं भलं करो, दणकट आहे. मुंगी लोंबकळत होती आणि ओरडत नव्हती. पट्टी तशीच डोळ्यांवर. ओळखीचं माणूस भेटल्यासारखं हळूच म्हणाली, "हां. हाच. हाच तो हात."

तुला कळवलं नाही. मुंगीलाही गप्प बसवलं. फोनवर तू तिच्याशी बोलतेस, मला "ठीक ना?" विचारतेस आणि ठेवतेस. त्या "ठीक ना"मध्ये हे सगळं कुठं बसवणार होते? आणि जरा लागलंय असं मी वर लिहिलं, तेही खोटंच. मनगटाच्या वरच्या शिरा तुटल्या. टाके घातले, पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं माझं ऐकत नाहीत. सुई टोचली तरी समजत नाही. कात्री धरता येत नाही. मालक चांगले आहेत, मला गिऱ्हाइकांना कापड दाखवायला बसवलंय. शिवण सुटली माझी, ताई. लिहिलं एकदाचं.

दवाखान्यात वकीलीणबाई माझ्या खाटेशी बराच वेळ बसून होती. मला वाटलं, आता म्हणेल, कुठाय तुमचा राखणारा? तर म्हणते कशी, "मावशी, ज्याच्या हातांची गोष्ट तुम्ही आम्हाला सांगता, त्याचे हात तरी कुठं धड राहिले होते?" मी भिंतीकडे तोंड करून रडले. मी पोरांना शिकवत आले की कुणीतरी आपल्याला धरतं. धरणाऱ्याचं काय होतं, ते कधी शिकवलंच नाही.

इथवर वाचलंस, तर आता तुला येऊ नकोस का म्हणाले ते वाच.

गेल्या रविवारी मी आंधळी वाट शेवटची खेळले. पाळकसाहेबांनी तो खेळ बंद करा म्हणून सांगितलंय आणि त्यांचं बरोबर आहे. पण पोरं पार धसकलीत. मुंगी तर सगळ्यांत जास्त, भिंतीला हात लावल्याशिवाय हॉल ओलांडत नाही. ज्या पोरीला डोळे मिटून चालण्याची भीती नव्हती, तिला आता डोळे उघडे ठेवूनही वाटते. मला ते बघवेना. म्हटलं, आज मी चालते, तुम्ही हाक मारा. त्यांनी माझे डोळे बांधले. बाकं मांडल्याचा आवाज आला. मग सगळं शांत. वकीलीणबाईची हाक आली, "मावशी, इकडे."

मी निघाले. मध्यावर आले असेन. कुणीतरी माझं कोपर धरलं.

करंगळी वाकडी होती, ताई. दारात चेंगरलेली, मधल्या पेरापासून बाहेर वळलेली. त्या हाताला धरून मी पहिल्यांदा शाळेत गेले, तो मी ओळखणार नाही? आणि मनगटावर लोकर होती. जाड विणीचा पट्टा, हातमोज्याच्या मनगटासारखा. तू तर लोकर अंगाला लावत नाहीस, तुला खाज सुटते. म्हणून मी घरी येईपर्यंत स्वतःची समजूत घातली, भास असेल, म्हातारी व्हायला लागले मी.

सोमवारी मुंगीच्या खणात दोऱ्याचं रीळ शोधत होते. हाताला लोकर लागली. सुयांवर अर्धा विणलेला पट्टा, राखाडी. त्यावर बोटं फिरवली, डाव्या हाताची. तीच वीण. मुंगी मागून म्हणाली, "अगं, बघितलंस का! आईसाठी आहे. ती आली की देणारेय. तिला सांगू नकोस हं."

आता तुला कळलं असेल. हात आधी येतो. त्याची किंमत मागून येते. तू आलीस की ती तो पट्टा तुझ्या मनगटात घालणार. खाज सुटली तरी तू काढणार नाहीस, लेकीनं विणलाय म्हणून. मग कधीतरी, कुठंतरी, मी पडायला आलेली असेन आणि तू मला धरशील. आणि मग? तुझ्या हाताचं काय राहील? तू नर्स. लहान लेकरांच्या मुठीएवढ्या हातावर तुला शीर सापडते. माझी शिवण गेली ती गेली. तुझा हात जाऊ नये, बस.

म्हणून काल मुंगी शाळेत गेल्यावर मी तो पट्टा उसवला. डाव्या हातानं आणि दातांनी. सगळी लोकर गुंडाळून गोळा करून ठेवला. इतकी वर्षं कापड जोडत आले, कुणाचं केलेलं असं कधी उसवलं नव्हतं. दुपारी ती आली, खण उघडला, गोळा बघितला. सुया घेतल्या, खिडकीपाशी बसली आणि पुन्हा टाके घालायला लागली.

मीच रडवेली होऊन तिला सगळं सांगितलं. ती विणता विणता ऐकत होती. मग तिनं विचारलं, "अंगठ्याला चिंधी बांधली तेव्हा तुला कळलं होतं ना, काहीतरी होणार म्हणून?"

"कळलं होतं."

"मग तू हे गाव सोडून पळून का नाही गेलीस?"

"वेडी का खुळी? तू होतीस ना इथं!"

"मग आईला का विचारत नाहीस?" म्हणाली, आणि लोकर ओढून घेतली.

रात्रभर तेच डोक्यात घोळलं. भाऊजींना कुणी राखलं, असं तू विचारतेस. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही. पण ते टाकीत उतरले ते आत गुदमरलेल्या दुसऱ्याला बाहेर काढायला, आणि तो माणूस आज जिवंत आहे, हे तू दर वेळी गाळतेस. मीही गाळत आले, तुला त्रास नको म्हणून. त्या माणसाला एकदा विचारावंसं वाटतं. आधी कधी, भलत्याच ठिकाणी, कुणी तुझं कोपर धरलं होतं का रे बाबा?

मला भीती वाटतेय, ताई. पोरांना भिऊ नका म्हणणारी मी, आणि हॉलच्या मध्यावर तुझा हात लागल्यापासून मला नीट झोप नाही. पण माझ्या भीतीपायी तुला दारातून परत पाठवायचं, हे काही मला जमायचं नाही. म्हणून वरचं सगळं मागे घेते. रस्ता कधीच बुजवलाय. तागे पलंगावरून मीच हलवते. ये.

पट्टा तोवर पुरा होईल. मुंगी तुझ्यापुढे धरेल, तेव्हा हात पुढे करायचा की नाही ते तू ठरव. मी शेजारी असेन, पण हाक मारणार नाही.

डोळे उघडे ठेवून तुझी वाट बघणारी,
तुझी धाकटी